फोटोतले बूट

नातवाच्या बुटांना पॉलिश करताना तो वास नाकात गेला आणि घोटावड्याची पत्र्याची शेड आठवली. साठ सालच्या आसपासची गोष्ट. परदेशातून आलेल्या एका साहेबाने तिथे ख्रिस्ती प्रचारक घडवायची शाळा काढली होती. घडवायची म्हणे! भातखाचरांतून अनवाणी येणारे चार-पाच विद्यार्थी, त्यांत माझे वडील.

शाळा वाढवायला साहेबाच्या देशातून मदत हवी होती, म्हणून फोटो काढायचं ठरलं. साहेबाने सगळ्यांना काळे बूट वाटले. आत प्रार्थना व्हायची, म्हणून आमच्या माणसांनी सवयीने ते दाराबाहेर काढून ठेवले. साहेब खेकसला, "बूट घाला! तिकडच्या लोकांना प्रचारक दिसले पाहिजेत, गुराखी नव्हे!"

वडिलांनी बूट परत घातले. मला घेऊन दारात उभी असलेली आई म्हणाली, "देवाम्होरं पायताण? सायबाला कळत न्हाई, तुमाला बी कळंना व्हय?" पण देवापेक्षा कॅमेऱ्याचा धाक मोठा. क्रुसाखाली बूट पुढे करून वडील हसले. तेव्हा मला ते हसू रुबाबदार वाटलं होतं. आज लाचार वाटतं.

आता तिथे तीनमजली इमारत आहे. परवा गेले, तर दारावर पाटी: 'पादत्राणे बाहेर काढावीत.' मी चपला काढून आत गेले. समोरच्या भिंतीवर वडील अजून बूट घालून हसत होते.