खिडकीकडची बरणी

"तुला कुणी विचारलंय का पण?" नवऱ्याने शिलाई मशीन थांबवलं. "अकरा वर्षं टाक्या धुतल्यास. आता कुठे कायम करतायत, तर आपणच जाऊन सांगायचं, माझ्या हातून घोटाळा झालाय म्हणून?"

"झालाय तर झालाय म्हणायला नको?" तिने मटाराची शेंग फोडली.

"माशांपायी घर उठवायला निघालीय," सासू खाटेवरून म्हणाली.

संशोधन केंद्रात सगळे तिला मासेमावशी म्हणत. शाळा चौथीतच सुटलेली. ठेवलं होतं टाक्या धुवायला. पण कुठलं पिल्लू मरगळलंय हे तिला तिथल्या शास्त्रज्ञ सरांच्या आधी कळायचं. सरांचा प्रयोग साधा होता. मधल्या टाकीत एकटं पिल्लू सोडायचं, दोन्ही बाजूंना कमी-जास्त माशांच्या बरण्या ठेवायच्या. एकटं पिल्लू जिवाच्या भीतीने जास्त माशांकडे पळतं. दोन आणि तीन यांतला फरक त्याला जन्मल्या दिवशीच कळतो, हे तिने शेकडो वेळा पाहिलं होतं. चार आणि सहा कळायला मात्र महिना-दीड महिना जावा लागायचा. आणि यंदा आठ दिवसांची पिल्लंसुद्धा सहाच्या बरणीकडे धावू लागली. सर हरखून गेले. लेख लिहायला बसले, आणि त्याच भरात तिला कायम करा म्हणून वर चिठ्ठीही पाठवली.

बरण्यांच्या जागा रोज बदलायच्या, असा नियम होता. पण हिवाळ्यात तिचा खांदा आखडला. सहा माशांची बरणी मोठी, जड. खिडकीकडच्या कट्ट्यावर ती नुसती सरकवता यायची, म्हणून तिथेच राहिली. पिल्लांना खाद्यही ती त्याच बाजूने टाकायची. भिंतीवरच्या तक्त्यात मात्र 'जागा बदलली' म्हणून रोज खूण.

शनिवारी तिला शंका आली. तिने दोन्ही बरण्या रिकाम्या करून ठेवल्या आणि एकेक पिल्लू सोडलं. नऊपैकी आठ खिडकीकडे गेली. मोजत कुणीच नव्हतं. खाणं कुठून पडतं, तेवढं त्यांना ठाऊक होतं.

"महिन्याभराने येतंच ना त्यांना?" नवरा म्हणाला. "मग थोडं आधी येतं म्हटलं तर काय आभाळ कोसळणारेय?"

"तुमची लेक दोन वर्षांची झाल्यावर बोलली. तिसऱ्या महिन्यात बोलली असं लिहून देऊ का?"

"दिलं असतंस तर बरं झालं असतं," सासू म्हणाली. "शेजारणीचं तोंड तरी बंद झालं असतं."

दारात बसलेल्या लेकीला हसू आलं, पण लगेच तिचा चेहरा उतरला. "आई, कायम करायचं राहू दे, ते तुला काढूनच टाकतील. खोट्या खुणा केल्यास तू."

ते तिलाही कळत होतं. पण पिल्लांचा राग येत नव्हता, राग येत होता तो या घाईचा. पिल्लू आपल्या वेळेने शिकतं. आठ दिवसांच्या जिवाच्या गळ्यात न आलेली विद्या कशाला बांधायची?

"तुझं म्हणणं ऐकणार कोण?" नवऱ्याने मशीनमध्ये कापड सरकवलं. "तू टाक्या धुणारी. तुला त्यातलं काय कळतंय?"

'तुला काय कळतंय' हे तिने या घरात वीस वर्षं ऐकलं होतं, आणि वीस वर्षं ती त्यावर गप्प बसली होती.

"मला कळतंय," ती म्हणाली. "सरांना कळलं नाही, तुम्हाला कळायचा प्रश्नच नाही. मला कळलं."

सासूने कूस बदलली. मासेमावशीने टरफलं कागदात गुंडाळली, पदर झटकला आणि उभी राहिली.

"उद्या आठ वाजता मी सरांना सांगणार आहे. तक्त्यातल्या खुणा खोट्या आहेत, तेही सांगणार आहे. काढलं, तर दुसरं काम बघीन. ठेवलं, तर सगळा प्रयोग पुन्हा करा म्हणणार आहे, आणि ती जड बरणी उचलायला माणूस मागणार आहे."