कुणाच्या गुडघ्याएवढं?

मांजरसुंब्याला गाडी सोडून मी सावलीला बसलो होतो. पाटोद्याकडून आलेला ओळखीचा गाडीवान म्हणाला, "मास्तर, तुमचे पाणीवाले साहेब गेले." मी विचारलं, "आता कुठल्या नदीवर?" तो म्हणाला, "तसं न्हाई. सिंदफणेत वाहून गेलते. खाली बाभळीत सापडले." मी त्यालाच वेड्यात काढलं. दुसऱ्या कुणाचंही नाव घेतलं असतं तर विश्वास ठेवला असता... गणपतराव, आणि नदीत?

गणपतराव निजाम सरकारच्या नोकरीत पाणी मोजायचे. काठावरच्या दगडी खांबावर फूट-इंचाच्या खुणा होत्या. पाणी कुठवर चढलं, धार किती वेगानं वाहते, हे बघून कचेरीला कळवायचं. वेग काढायला नदीवर दोन दोऱ्या आडव्या बांधलेल्या; वरच्या दोरीपाशी ते पाण्यात लाकडाचा तुकडा सोडत आणि हातात घड्याळ धरून खालच्या दोरीपर्यंत त्याच्याबरोबर काठानं चालत. पूर आला की बायका नदीची ओटी भरायला यायच्या. हा गृहस्थ हात जोडून त्यांना विनवायचा, "माय, नारळ तेवढा त्या वरच्या दोरीपाशी सोडा." नदीला नारळ आणि सरकारला वेग, एकाच खर्चात. बायका हसायच्या, पण सोडायच्या तिथंच.

त्यांचं खरं भांडण आमच्या बोलीशी होतं. आमच्याकडं पाणी घोट्याएवढं, गुडघाभर, कंबरभर, नाहीतर डोक्यावरून. कुणी "गुडघाभर हाय" म्हटलं की गणपतरावांनी "कुणाच्या?" विचारलंच म्हणून समजा. लग्नाच्या पंक्तीतही विचारत. मला फार चीड यायची. घराच्या चौकटीवर त्यांनी खिळ्यानं स्वतःचा आणि वहिनींचा गुडघा कोरून ठेवला होता. वहिनी ठेंगण्या; दोन खुणांत चांगलं चार बोटांचं अंतर. "एवढ्यात माणूस मरतं," असं ते म्हणाले की वहिनी दटावायच्या, "काय अभद्र बोलता तिन्हीसांजंचं."

आणि त्या दुपारी... लख्ख ऊन होतं, पाऊस वर डोंगरात पडून गेलेला. गणपतराव अलीकडं उभे. इतकी वर्षं त्यांच्या हाताखाली काम केलेला रामा पलीकडून पाण्यात उतरला आणि ओरडला, "या साहेब, गुडघाभर हाय." आणि ते निघाले. काही न विचारता निघाले. मधे पुरानं डोह पाडला होता.

दहावा झाल्यावर रामा माझ्या ओसरीवर येऊन बसला. "म्या खडकावर हुतो मास्तर. पायाखाली खडक हाय, मला ठावंच न्हाई. सगळ्या मुलखाला इचारायचे. मलाच कावून इचारलं न्हाई?" मला उत्तर ठाऊक होतं, पण सांगवेना. आपल्या माणसाला कोण विचारतं? मला गणपतरावांचा राग आला, अजून आहे. जन्मभर आम्हाला छळलंत, मग त्या एका वेळी जीभ कुठं गेली होती?

गेल्या आठवड्यात वहिनींना माहेरी पोचवायला निघालो. रामा सोबत होता. नदी ओसरली होती, तळातली वाळू दिसत होती. रामा काठी टेकत पुढं झाला, मधोमध उभा राहून म्हणाला, "या वैनी, घोट्याएवढं हाय."

वहिनी काठावरच थांबल्या.

"कुणाच्या?"

रामा माघारी आला, खाली वाकला, वहिनींच्या पायाशी काठी उभी धरली आणि त्यांच्या घोट्याच्या उंचीला तिच्यावर नखानं खूण केली. मग ती काठी घेऊन पुन्हा पाण्यात शिरला.