भिंतीवरचे अकरा दिवस

धाकटीने आयुष्यभर फाटकं शिवलं. हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टच्या मागच्या बाजूला कापडखोली होती. तिथे चादरी, पडदे, ऑपरेशनचे हिरवे झगे ढिगाने यायचे आणि तिच्या मशीनखालून धड होऊन जायचे. साठीला दोनच वर्षं उरली तरी घरात ती धाकटीच, कारण पाच वर्षांनी मोठी ताई होती. नर्सेसनी तिचं नाव ठिगळमावशी पाडलं होतं. एखादा पेशंट टाके घालून घ्यायला कां-कूं करू लागला की त्या म्हणायच्या, "डॉक्टर नको असतील तर ठिगळमावशीकडे पाठवू का? तिचे टाके दिसतसुद्धा नाहीत."

लग्न तिने केलं नाही. एकदा ठरत आलं होतं, मोडलं, आणि त्याचं जेवढं दुःख व्हायला हवं होतं तेवढं काही झालं नाही, असं ती स्वतःच सांगायची. कामावरून आली की ती गोधड्या शिवायला बसायची, पण पांघरायच्या नव्हेत. मधोमध झिजून जाळी झालेल्या, बाद ठरलेल्या चादरी ती हॉस्पिटलमधून मागून आणायची. चहाच्या पाण्यात गंजके खिळे टाकून त्यात त्या बुडवायची, की कापडाला दहा तऱ्हेचे राखाडी रंग चढायचे. मग त्याच्या पट्ट्या, थरावर थर, आणि वरून धावदोरा, कुठे विरळ, कुठे इतका दाट की कापड म्हाताऱ्या कातडीसारखं आक्रसून यायचं. त्यात फूल नाही, पक्षी नाही. शेजारीण एकदा बराच वेळ बघून म्हणाली होती, "छान आहे हो. पूर्ण कधी होणार?"

थांबून नीट पाहिलं ते डोळ्यांच्या डॉक्टरबाईंनी. चौदा वर्षांपूर्वी झग्याची नाडी तुटली म्हणून त्या कापडखोलीत आल्या. टेबलावर एक गोधडी पसरलेली होती. बाई नाडी विसरल्या. त्यांनी कोपरा उचलून आधी मागची बाजू पाहिली, मग पुढची, मग चष्मा काढून अगदी नाक टेकवून.

"इथे तुमचा हात थकलाय," एका जागी बोट ठेवून त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही उसवलं नाहीत. बरं केलंत."

धाकटीला त्या दिवशी जेवण गेलं नाही. आपला हात कधी थकतो हे आजवर तिच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं.

डॉक्टरबाईंच्या घरी मागच्या बाजूला ऊन न येणारी एक खोली होती. तिथे जाड पुठ्ठ्याच्या नळ्यांना गुंडाळून ठेवलेल्या चाळीसएक गोधड्या होत्या, लांबलांबच्या लोकांनी शिवलेल्या. एकीत जळका पॅराशूट होता, एकीत नुसत्या शर्टांच्या कॉलरी. दर गुरुवारी दुपारी दोघी हातात सुती मोजे घालून एखादी उलगडायच्या. बाई म्हणायच्या, "ही कोणाला तरी दाखवायला शिवलीय, बघा, कडा किती शहाण्यासारख्या वागतायत." धाकटी हसायची. हळूहळू तिलाही बघता येऊ लागलं. तिच्या नऊ गोधड्या बाईंनी संग्रहासाठी घेतल्या. इतकी वर्षं ती नुसतं शिवत होती, आपण काही करतोय हे तिला कळलं ते त्या खोलीत.

सात वर्षांपूर्वी तिने एक गोधडी नेली, 'राखाडी, चार' नावाची. उभ्या अकरा पट्ट्या. पहिल्या पट्टीत टाके विरळ, मग प्रत्येकीत थोडे अधिक दाट, आणि शेवटचीत बोटभर चीर. चिरेतून आतलं पिवळं दिसायचं, मुलांच्या वॉर्डच्या जुन्या पडद्याचं. बाईंनी अकराही पट्ट्यांवरून बोट फिरवलं.

"नका सांगू हवं तर," शेवटी त्या म्हणाल्या. "पण यात काहीतरी आहे."

ज्या गोष्टीबद्दल धाकटीने सत्तावीस वर्षं ब्र काढला नव्हता, ती तिने त्या दुपारी सांगून टाकली. ताई एकोणतीस वर्षांची असताना एक दिवस पिशवी घेऊन तिच्या भाड्याच्या खोलीवर आली. खाली सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. घरी चार वर्षांचा मुलगा आणि पाळण्यातली मुलगी. "मला परत जायचं नाहीये," एवढंच ताई म्हणाली आणि खिडकीशी जाऊन बसली. भाऊजींनी मारलं नव्हतं, शिवीगाळ नव्हती, कारण विचारलं तर तिला सांगताच येईना. धाकटी तेव्हा हॉस्पिटलात नवीन होती. तिने भाऊजींना निरोप पाठवला, ताईला साथीचा ताप आहे, वेगळ्या वॉर्डात ठेवलंय, भेटायला सोडत नाहीत. भाऊजी भाबडे. ते रोज संध्याकाळी मुलाला खांद्यावर बसवून हॉस्पिटलच्या कुंपणाशी येऊन उभे राहायचे. आणि धाकटी तिसऱ्या मजल्यावरून, खिडकीच्या आत अंधारात उभी राहून, चादरीचं टोक हलवायची. पोरगं दोन्ही हात वर करून आईला टाटा करायचं. बाराव्या दिवशी सकाळी ताईने वेणी घातली, पिशवी उचलली आणि घरी गेली. तो विषय पुन्हा कधी निघाला नाही.

"हे माझ्यापाशी राहील," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि आपला मोजा घातलेला हात तिच्या हातावर ठेवला.

यंदा बाईंनी सगळा संग्रह शहराच्या कलादालनाला देऊन टाकला. दालनाने मोठं प्रदर्शन मांडलं, आणि धाकटीच्या नऊही गोधड्यांना एक सबंध भिंत मिळाली. तिने नवीन चपला घेतल्या. ताईला, भाच्याला आणि सुनेला स्वतः फोन करून बोलावलं. भाऊजी आता नव्हते. भाचा शाळेत भूगोल शिकवायचा, मावशीचा लाडका. वाटेत तो बायकोला सांगत होता, "मावशी म्हणजे आमच्या घरातली एकटी कलावंत. आम्ही सगळे नुसते फळ्यावर नकाशे काढणारे."

दालनात गर्दी बरीच होती. 'राखाडी, चार'समोर लोक दाटीने उभे होते, एका बाईने डोळ्यांना रुमाल लावला होता. धाकटीच्या छातीत आनंद मावेना. मग तिला दिसलं की लोक गोधडीकडे बघतच नाहीयेत. सगळ्यांच्या माना उजवीकडे, भिंतीवरच्या एका मोठ्या पाटीकडे वळलेल्या. पाटीवर ठळक अक्षरांत नाव होतं, 'अकरा दिवस'.

 धाकटी पुढे होऊन पाटीच्या आड उभी राहणार, तोवर ताई म्हणाली, "चष्मा राहिला गं घरी. काय लिहिलंय एवढं?" सून वाचायला हौशी. तिने सरळ मोठ्याने सुरुवात केली. "कलाकाराची थोरली बहीण ऐन तारुण्यात नवरा आणि दोन लहान मुलांना सोडून निघून आली. अकरा दिवस ती खिडकीशी बसून होती. घरच्यांना ती हॉस्पिटलात आहे असं खोटं सांगण्यात आलं. रोज संध्याकाळी तिचा लहान मुलगा..." तिथे तिचा आवाज बारीक झाला, आणि मग थांबला.

ताई तशीच उभी होती, पर्स पोटाशी घट्ट धरून. भाच्याने उरलेलं मनात वाचलं. मग तो वळला.

त्याची ती पहिली आठवण होती. बाबांचा खांदा, कुंपण, उंच खिडकीतून आईने हलवलेला पांढरा रुमाल. शाळेत निबंधात त्याने ती लिहिली होती, बाबा गेले तेव्हा जमलेल्या लोकांना सांगितली होती.

"मावशी, मग खिडकीत कोण होतं?"

"मी," धाकटी म्हणाली.

त्याने मान हलवली, जशी वर्गात उत्तर बरोबर आल्यावर हलवत असेल तशी, आणि तो बाहेर गेला. सून त्याच्यामागे गेली. ताईने जाताना धाकटीकडे पाहिलंही नाही. जिना उतरताना तिने कठड्याला धरलं, बहिणीच्या हाताला नाही.

डॉक्टरबाई दुसऱ्या टोकाला पाहुण्यांच्या घोळक्यात होत्या. धाकटी तिथवर गेली. आपला आवाज चढेल असं तिला वाटलं होतं, पण तो चढला नाही.

"हे तुम्ही लिहिलंत?"

बाई पाटीकडे बघून हसल्या, अभिमानाने. "दालनवाल्यांना प्रत्येक कामामागची गोष्ट हवी होती. बघा ना, सगळ्यात जास्त गर्दी तुमच्याच भिंतीपाशी आहे. नाव कुणाचं घातलेलं नाही मी."

"थोरली बहीण मला एकच आहे. ती आत्ता इथे होती. तिचा मुलगाही."

बाईंचा चेहरा उतरला. "ते आज येणार आहेत हे मला माहीत नव्हतं."

"आले नसते तर चाललं असतं?"

"तसं नाही हो. गोष्ट असल्याशिवाय लोक थांबत नाहीत अशा कामापुढे. तुम्हाला कळतंय का, इतकी वर्षं..."

"तुम्ही थांबला होतात की," धाकटी म्हणाली. "नाडी तुटली म्हणून आला होतात. तेव्हा कुठली गोष्ट होती?"

 घोळक्यातल्या एकाने पुढे होऊन धाकटीचा हात हातात घेतला आणि म्हणाला, "तुमच्या बहिणीचं ऐकून अगदी गलबलून आलं." तिने हात सोडवून घेतला आणि ती चालत घरी आली. नव्या चपलांनी टाच सोलून निघाली होती, ते घरी आल्यावर कळलं. शत्रूने केलं असतं तर तिने चार शिव्या हासडून विषय संपवला असता. इथे केसाने गळा कापला होता, आणि कापणाऱ्याला आपण हार घातलाय असं वाटत होतं.

दालनात खेपा घालून तिने तीन आठवड्यांनी ती पाटी काढायला लावली. पण प्रदर्शनाचं सूचीपुस्तक छापून झालं होतं, त्यात सगळं तसंच राहिलं. गोधडी परत मागितली तर तिथल्या माणसाने नम्रपणे सांगितलं, ती आता दालनाची आहे, बाईंना दिल्याच्या कागदावर सही तुमचीच आहे बघा. सही तिचीच होती.

ताईने फोन घेणं बंद केलं. भाच्याचा एकच निरोप आला, आईला थोडा वेळ द्या. 'दे'च्या जागी 'द्या' आलेलं तिने दहा वेळा वाचलं. शेवटी ती ताईच्या दारात जाऊन उभी राहिली.

"त्या बाईने विश्वासघात केला गं माझा," ती म्हणाली.

ताई शेंगा सोलत होती. "तिने नंतर केला," ती म्हणाली. "आधी तू सांगितलंस."

धाकटी उंबऱ्यावरच बसली. इतके दिवस ती फक्त आपली जखम चाटत होती. तिच्याही हातात सुरी होती हे तिला आता कळलं, आणि ते झोंबलं.

"शिवलंस तेव्हा मला विचारलंस का?" ताईने पुढे विचारलं. "आणि सून म्हणत होती, शेवटी पिवळं काहीतरी आहे. उजेडासारखं."

"तू घरी गेलीस ना, म्हणून."

"मला तसं काही वाटलं नव्हतं," ताई म्हणाली. "मी गेले, कारण पोरगी अंगावर पीत होती आणि मला दूध दाटून ताप आला होता. पिवळं तुझं आहे."

 थोड्या वेळाने ताईने शेंगांची टोपली दोघींच्या मध्ये सरकवली. बोलली नाही, पण जा असंही म्हणाली नाही. धाकटी अंधार पडेपर्यंत सोलत राहिली.

भाचा तिच्याकडे येऊ लागला तो बऱ्याच महिन्यांनी, तेही आईला सोडायला आल्यासारखा. आईवर तो चिडला नाही, मावशीवर मात्र पूर्वीसारखी माया उरली नाही. तो दिलेला चहा पितो, पाय कसे आहेत विचारतो. खिडकीचं कुणाला सांगत नाही.

डॉक्टरबाईंची दोन पत्रं आली. दोन्हीत माफी होती, आणि दुसऱ्यात त्यांनी लिहिलं होतं की नळ्यांची खोली रिकामी झाल्यापासून गुरुवारी त्यांना करमत नाही. धाकटीलाही करमत नव्हतं, ते जास्त कडू होतं. आपला हात कुठे थकतो हे ओळखणारं दुसरं कुणी तिला भेटणार नव्हतं. बाईंचा फोन आला की ती घेते. गुडघे, हवा, नवी लिफ्ट, सगळं बोलते. "सध्या काय शिवताय?" असं बाईंनी विचारलं की म्हणते, "हॉस्पिटलचे पडदे," आणि तेवढ्यात कुणीतरी हाक मारतंय असं सांगून फोन ठेवते.