मागच्या रांगेतला, खांबाजवळचा

तेराव्याचं आवरलं, पाव्हणे आपापल्या गावी गेले, आणि त्यानंतर दोन-चार दिवसांनी सिंधूचा मोबाइल वाजला. तो मी बंद केलेला नव्हता. कसा करायचा ते मला येत नाही, आणि येत असतं तरी केला नसता. पलीकडून धुळ्याचे देवरे सर बोलत होते. आवाजात नुसता आनंद. "ताईंना द्या हो फोन. फोटो सापडला म्हणावं! पिंपळनेरच्या घरी माळ्यावर, पत्र्याच्या पेटीत होता. अगदी चांगला राहिलाय, काचेत आहे." मी म्हणालो, "सर, सिंधू वारली." ते हळूच म्हणाले, "मी उशीर केला का हो?" मी "हो" म्हणालो. अशा वेळी लोक नाही-नाही म्हणतात. मला नाही जमलं.

सिंधू माझी बायको. जळगावात पिंप्राळ्याला माझं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, जन्म त्यातच गेला. शिक्षण चौथी. ती सातवी शिकलेली, म्हणून दुकानाची पाटी तिनं रंगवली आणि गल्लीतल्या बायांचे अर्जही तीच लिहायची. बोलायला फटकळ. गिऱ्हाइकासमोर मला म्हणायची, "अहो, पंक्चर काढताय की भरतकाम करताय?" कुणाला न भिणारी बाई. पण एका गोष्टीवरून तिचं तोंड बंद व्हायचं, आणि ती गोष्ट म्हणजे तिच्या माहेरचा एक फोटो.

तिचं माहेर मुक्ताईनगर, तेव्हाचं एदलाबाद. शेतकरी माणसं. त्यांच्यात एक पणजोबा झाला, गोविंदबाबा. तो त्या काळात मुंबईला कॉलेजात शिकायला गेला. मुंबईत विद्यापीठ निघून तेव्हा फार दिवस झाले नव्हते, आणि आपल्याकडचं पोरगं तिकडे जाणं म्हणजे विलायतेला गेल्यासारखं. त्याच्यासोबत पिंपळनेरकडचा एक देवरे म्हणून पोरगा होता. दोघं एका खोलीत राहायचे. गोविंदबाबा सुट्टीत घरी आला, तापानं फणफणला आणि गेला. मागे तरणी बायको आणि पाळण्यातलं पोर. पुढं काही महिन्यांनी तो देवरे स्वतः येऊन कॉलेजच्या पोरांचा आणि मास्तरांचा एक फोटो देऊन गेला. गोविंदबाबाचा जगात तेवढा एकच फोटो.

मी तो पहिल्यांदा पाहिला लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला. आमच्या खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी जातात, झाडांना झोके बांधतात, आमरस-पोळी करतात, आणि त्याच दिवशी घरोघर पितरांची घागर भरतात. मी सिंधूला परत आणायला गेलो तर घागरीशेजारी हा फोटो भिंतीला टेकवलेला. तीन रांगा. खाली सतरंजीवर मांडी घातलेली पोरं. मधे खुर्च्यांवर मास्तर, त्यातले काही गोरे साहेब, मांडीवर टोप्या ठेवलेले, आणि एक आपल्यातला, मोठ्या पागोट्याचा, दोन्ही हातांनी काठी धरून बसलेला. मागे उभी पोरं, अंगात लांब कोट. मागच्या रांगेत टोकाला, दगडी खांबाजवळ एक जण उभा. कोट आहे, बटणं आहेत, हात आहे. तोंड नाही. तोंडाच्या जागी पांढरा डाग आणि त्यावर गंधाचा ठिपका.

मी विचारलं, "याला काय झालं?" तर सिंधूचा मोठा भाऊ, नाना, सगळ्यांच्या देखत हसून म्हणाला, "इचारा तुमच्या घरधनिनीले. तिनंच पुसलं तोंड पनजोबाचं!" सगळे हसले. सिंधू उठून चुलीकडे गेली.

झालं होतं असं. फोटोची काच कधीच फुटलेली. त्या घरच्या बाया दर आखाजीला फोटो खाली काढायच्या आणि गोविंदबाबाच्या कपाळी गंध लावायच्या, तो थेट कागदावरच. जुना गंध कुणी काढायचं नाही, नवा वरून लावायचा. असे थरावर थर साचून त्याच्या तोंडावर लाल-पिवळं खापर बसलेलं. बाकी सगळ्यांना डोळे-नाकं, आणि याला नुसता गंध. सिंधू आठ-नऊ वर्षांची असेल. घरात सणाची घाई, आई म्हणाली, फोटो जरा झटकून ठेव. हिला वाटलं, बाबाचं तोंड मोकळं करावं. तिनं ओल्या फडक्यानं ते खापर भिजवून अलगद काढलं. खाली पांढरं निघालं. आजीनं बोंब ठोकली. बापानं ऐन आखाजीच्या दिवशी मारलं, झोक्यावर बसू दिलं नाही. घरात एकुलता एक शिकलेला माणूस, त्याचं एकुलतं एक तोंड, आणि ते पोरीनं पुसलं!

मार ती विसरली असती. पण नानाची थट्टा दर आखाजीला ठरलेली. दारात पाऊल टाकलं की, "आली वं माय पुसनारी! फोटो उचलून ठेवा रे." नाना वाईट माणूस नाही. बहिणीच्या बाळंतपणाला सगळ्यात आधी धावून येणारा तोच. त्याला ती गंमत वाटायची. पुढं त्याची पोरं म्हणायला लागली, मग नातवंडं. सिंधू हसून साजरं करायची. बसमध्ये मात्र माझ्याशी जळगावपर्यंत बोलायची नाही. एकदा म्हणाली, "अहो, पितर वर बसून तोंड शोधत असेल का त्याचं?" मी म्हणालो, "मेलेल्याला काय करायचंय तोंड." मला तेवढंच सुचलं.

दुकान बंद झालं, पोरगं संजय नोकरीला लागलं, आणि तिनं ते तोंड शोधायचं मनावर घेतलं. तिचा हिशेब सरळ होता. देवऱ्यांनी एक फोटो इकडे दिला म्हणजे एक स्वतःकडे ठेवला असेल. त्यांच्या घरी त्यांचा माणूस पुजला असेल, आपल्याला कोण गंध लावणार? म्हणजे तिथं आपलं तोंड शाबूत. मग लग्नकार्यात साक्री-पिंपळनेरकडचा माणूस दिसला की ही त्याच्या पानाशेजारी जाऊन बसायची. "पिंपळनेरला तुमच्या ओळखीत देवरे कोण आहेत हो? ज्यांचे पूर्वज मुंबईला शिकले ते?" लोकांना वाटायचं पोरीसाठी स्थळ बघतेय.

मधल्या काळात तिच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा मशीनला लावायचे. हात हलवायचा नाही. संजयनं मोबाइलवर जुन्या कॉलेजांचे फोटो काढून दिले, मी तिच्यासमोर धरायचो आणि ती दुसऱ्या हाताच्या बोटानं सरकवायची. मी कॉलेजची पायरी कधी चढलो नाही, पण त्या काळातले मास्तर आणि पोरं जेवढी मी पाहिली तेवढी एखाद्या प्रोफेसरनं पाहिली नसतील. सिंधू म्हणायची, "साहेब बघा कसे पाय पसरून बसलेत, आणि आपली पोरं पाय चोरून." नाहीतर, "हातांचं काय करावं ते एकालाही कळत नाही. कुणी छातीवर घेतोय, कुणी शेजाऱ्याच्या खांद्यावर टाकतोय." कधी एखाद्या बारीक पोरावर बोट थांबायचं. "याची आई वाट बघत असेल." म्हटलं, "सिंधू, याची आई जाऊन शंभर वर्षं झाली." तर म्हणे, "फोटोत अजून बघतेय ना."

देवरे सर शेवटी धुळ्यातच एका लग्नात भेटले. निवृत्त चित्रकला शिक्षक. त्यांचाच पणजोबा तो, सोबत गेलेला. फोटो आहे, लहानपणी पाहिलाय, पण पिंपळनेरच्या घराला कुलूप आहे, किल्ली भावाकडे, भाऊ सुरतेला... बघतो, शोधतो. सिंधू त्या दिवशी लग्नात दोनदा जेवली. डॉक्टरांनी मना केलेलं सगळं. त्यानंतर दर आठवड्याला ती सरांना फोन करायची आणि सर म्हणायचे, "बघतो ताई, नक्की बघतो." उन्हाळा गेला, पावसाळा गेला, थंडीही सरली. शेवटी शेवटी ती दवाखान्यातून फोन करायची आणि दवाखान्यात आहे हे सांगायची नाही. मी म्हटलं, सांग, म्हणजे तरी लवकर करतील. तर म्हणाली, "दयेनं शोधलेलं सापडत नाही." हे तिचं काय गणित होतं कोण जाणे. सांगितलं असतं तर सापडला असता, असं मला वाटतं. रोज वाटतं.

फोन आल्यावर मी पारोळ्याच्या रस्त्यानं एस.टी.त बसून धुळ्याला गेलो. संजय म्हणाला मी येतो, मी नको म्हणालो. सरांच्या बायकोनं दार उघडलं, आणि सिंधूचा नवरा तो मीच ना, हे अहिराणीत विचारलं. "त्या बाईना मालक ना तुम्ही? बसा भाऊ, पाणी ल्या." मग डोळ्याला पदर लावून आत गेली. सरांनी फोटो टेबलावर ठेवला. तोच. त्याच तीन रांगा, तेच साहेब, तीच काठी, तोच खांब. खाली सतरंजीवर त्यांचा पणजोबा स्वच्छ दिसत होता, मिशी फुटू लागलेली, डोळे वटारलेले. मी बोट वर नेलं, मागच्या रांगेत, टोकाला...

कोट होता. बटणं होती. हात होता. तोंड नव्हतं. धूर हवेत पांगावा तसं पांढुरकं काहीतरी खांबाकडे ओढलं गेलेलं.

मी म्हणालो, "सर, याला तुमच्याकडे कुणी पुसलं?" सर म्हणाले, "कुणीही नाही. काच कधी उघडलेलीच नाही. भाऊ, तेव्हाचा फोटो आतासारखा चटकन निघत नसे. फोटोवाला सांगेल तोवर सगळ्यांनी दगडासारखं उभं राहायचं. कित्येकदा मानेमागे लोखंडी आधार लावायचे, मान हलू नये म्हणून. जो हलला, त्याचा चेहरा असा फराटा होऊन येतो. तुमच्या गोविंदबाबांनी नेमकी तेव्हाच मान वळवली." मी विचारलं, "म्हणजे मुळातच?" ते म्हणाले, "मुळातच." मी पुन्हा विचारलं. त्यांनी भिंग आणून दाखवलं. मी आणखी एकदा विचारलं, तेव्हा त्यांनी भिंग माझ्याच हातात दिलं.

परतीच्या बसमध्ये मला ती गोविंदबाबाची बायको आठवत राहिली. मी तिला कुठं पाहिलंय, पण आठवत राहिली. नवरा मेल्यावर महिन्यांनी फोटो येतो. ती तो हातात घेते, आणि सगळ्या पोरांना तोंडं आहेत, एकट्या तिच्या माणसाला नाही. तिला तर कळलंच असणार. कुणाला सांगितलं नाही बाईनं. त्या जागी गंध लावला आणि झाकून टाकलं. पुढच्या बाया तिच्या गंधावर गंध लावत गेल्या, ज्यांना माहीत होतं त्या मेल्या, आणि एका पोरीनं ते उघडं केलं. तिच्या माथी साठ वर्षं.

सरांनी फोटोची एक प्रत करून दिली होती. ती घेऊन मी मुक्ताईनगरला नानाकडे गेलो. नाना आता थकलाय, ओट्यावर बसून असतो. मी त्यांचा फोटो खाली काढून घेतला आणि दोन्ही शेजारी ठेवले. गंधाच्या ठिपक्याभोवती डाग तोच. इकडेही खांबाकडे ओढलेला. कागद कुठं साधा खरवडलेला नाही. तिनं त्या वयात इतकं अलगद पुसलं होतं. मी सगळं समजावलं. नाना बराच वेळ पाहत राहिला. एकदा इकडे, एकदा तिकडे. मग म्हणाला, "आपन त गमतीनं म्हनत होतो, पाव्हणे."

"हो नाना. दर आखाजीले."

"तिले लागे का ते?"

मी त्यांचा फोटो परत खिळ्याला अडकवला. तो म्हणाला, "मंग तिनं एकडाव तरी मले म्हनायचं व्हतं, नाना, चूप बस." आणि जरा वेळानं, "आता हे कोनाले सांगता?" मला वाटलं होतं, त्याला हे दाखवलं की माझ्या छातीवरचा धोंडा उतरेल. उतरला नाही. दोन म्हाताऱ्यांना आता खरं कळलंय, आणि ज्या एकीला कळायला हवं होतं तिची राख तापीत गेली. लोक म्हणतात, वरून ती सगळं बघत असेल. मला तसं वाटत नाही. काही बघत नसते. मेलं की मेलं.

घरी आलो तर सून, वैशाली, स्टुलावर उभी. आखाजी तोंडावर आलेली, देवघर धुऊन काढत होती. सिंधूनं देवाच्या तसबिरींवरून कधी ओलं फडकं फिरवलं नाही, सुनेलाही फिरवू दिलं नाही. काच आहे, काही होत नाही, हे तिलाही कळत होतं, तरी नाही. त्यामुळं आमच्या गणपतीच्या, बालाजीच्या, मुक्ताईच्या कपाळावर कुंकवाचे हे जाड पोपडे. संसारभराचे. त्यात तिचं बोट उठलेलं होतं. ती गेल्यापासून मी सकाळी जाऊन ते बोट बघायचो, हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं.

वैशालीनं सगळं घासून काढलं होतं. देव लखलखत होते. पाण्याच्या भांड्यात तांबडं पाणी. ती स्टुलावरून उतरली, कपाळावरचा घाम मनगटानं टिपला आणि हसून म्हणाली, "आबा, बघा तरी, देवांचे चेहरे कसे दिसायला लागले!"

माझ्या जिभेवर आलं होतं. दोनच शब्द. पुसलंस तू. आलेच होते...

"चांगलं केलं, बेटा," मी म्हणालो, आणि ते तांबडं पाणी तिच्या हातातून घेऊन बाहेर तुळशीत ओतायला गेलो.