हात चांगला आहे हिचा

"तू चहाचं बघ," मॅडम म्हणाल्या.

प्रयोगशाळेत पाहुणे आले होते. दोघे बंगळूरचे, एक जर्मनीचे. टेबलावर, तपासणीच्या बारीक सुयांखाली, माझा स्फटिक होता. ऑक्साइडचा, नखाएवढा, काळपट निळा. त्याला विजेचा झटका दिला की तो लक्षात ठेवतो. वीज बंद केली तरी विसरत नाही. तोच झटका पुन्हा पुन्हा दिला की त्याच्यातून वीज सहज जायला लागते. माणसाच्या मेंदूत सवय मुरते तसं. असल्या स्फटिकांतून उद्या मेंदूसारखी शिकणारी यंत्रं होतील म्हणतात. मोठमोठ्या देशांत लोक त्याच्या मागं लागलेत. इथं कोल्हापुरात तो मी वाढवला होता.

आणि मी ट्रे घेऊन उभी होते.

जर्मन पाहुण्यानं विचारलं, "हा कुणी केला?"

मॅडमनी त्यांच्याकडंच माझ्याबरोबर पीएचडी करणाऱ्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवला. त्याच्या घरचे आणि मॅडमच्या घरचे जुने संबंध. "कल्पना याची," त्या इंग्रजीत म्हणाल्या. मग माझ्याकडं वळून हसल्या. "भट्टीचं काम ही करते. हात चांगला आहे हिचा. वडील फौंड्रीत आहेत, रक्तातच आहे. मी हिच्या घरी जेवलेय, बरं का. त्यांच्या वस्तीत जाऊन."

पाहुण्यांनी कौतुकानं बघितलं. माझ्याकडं नाही. मॅडमकडं.

त्या जेवल्या होत्या, खरंच. कागलजवळ आमचं गाव. गावाच्या कडेला आमची वस्ती. बाबा एमआयडीसीत फौंड्रीत, लोखंडाचा रस ओततात. मॅडमची गाडी आमच्या दारात थांबली तेव्हा सगळी वस्ती गोळा झाली होती. आईनं शेजारणीकडनं नवी ताटं आणलेली. मॅडम खाली मांडी घालून बसल्या, झुणका मागून घेतला, आईला म्हणाल्या, "ही आता माझी लेक." आई रडली. मीपण रडले.

त्या दिवसापासून मी त्यांच्या शब्दाबाहेर गेले नाही. स्फटिक थंड करताना तडकायचे. एकामागनं एक. मी वाचत बसायचे, भट्टीचा ताप उतरवायची रीत बदलून बघायचे, ऑक्सिजन कमीजास्त करायचे. कुठं काय चुकतंय ते मॅडमला जाऊन सांगायचे. त्या म्हणायच्या, "शाब्बास, माझी वाघीण." सगळं त्यांच्या ओंजळीत नेऊन टाकलं मी. लेक होते ना.

आणि आज कळलं, त्या जेवणाचा पाहुण्यांना दाखवायचा दागिना झालाय. आईच्या ताटाचा.

मी ट्रे खाली ठेवला. कप वाजले. माझं इंग्रजी मोडकं. तरी म्हटलं, "हा स्फटिक मी वाढवलाय. कल्पना पण माझीच."

तो मुलगा फरशीकडं बघत राहिला. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "हिची तब्येत ठीक नाही. जा बाळा, घरी जा."

दुसऱ्या दिवशी मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. तिथं ‘बाळा’ नव्हतं.

"तुमच्या लोकांचं हेच असतं. हात दिला की डोक्यावर बसता."

तुमच्या लोकांचं. इतकी वर्षं तोंडाशी येऊन थांबलेला शब्द, एका दमात बाहेर.

मी म्हणाले, "हात दिला न्हाई तुम्ही. घेतला माझा. डोकं तेवढं नको होतं तुम्हाला."

जिन्यात तो मुलगा भेटला. "मला सगळं माहीत आहे गं," तो म्हणाला. "पण माझी नोकरी त्यांच्या शब्दावर आहे." एवढं बोलून गेला. त्याच्याबरोबर डबा वाटून खाल्लेला मी.

घरी सांगितलं तर आईचा विश्वास बसेना. "आगं, आपल्यात जेवून गेल्यात की त्या! तुझंच कायतरी चुकलं आसंल."

बाबा म्हणाले, "माफी माग पोरी. पदवी पदरात पडू दे. मोठ्या माणसांपुढं आपलं चालत न्हाई."

बाबा फौंड्रीत कुणापुढं वर बघून बोललेले मला आठवत नाहीत. त्यांच्यावर राग नाही माझा. पण मी म्हणाले, "न्हाई बाबा. माफी न्हाई."

विद्यापीठाकडं तक्रार केली. समितीत मोठी माणसं बसली. म्हणाली, "गैरसमज झालाय. मिटवून घ्या." मी मिटवलं नाही. माझ्याकडची प्रयोगशाळेची किल्ली काढून घेतली. शोधनिबंध छापून आला. पहिलं नाव त्या मुलाचं, शेवटचं मॅडमचं. मी तळाशी, बारीक अक्षरात, तांत्रिक मदतीबद्दल आभार.

मार्गदर्शक बदलून घेतला. नव्या सरांकडची भट्टी जुनी आहे, ताप एकसारखा राहत नाही. परवा पुन्हा एक स्फटिक तडकला. पहिल्यापासून चाललंय सगळं. माझ्याबरोबरच्या कितीतरी जणी पुढं गेल्या. मी मागं पडले, हे खरं आहे. ते कुणी भरून देणार नाही.

पुढच्या महिन्यात पुण्यात परिषद आहे. मॅडम तिथं त्याच स्फटिकावर बोलणार आहेत. मी नाव नोंदवलंय. नवे सर म्हणाले, "जाऊ नकोस. या क्षेत्रात माणसं थोडी. सगळे एकमेकांना ओळखतात. तुला कुठं उभं करणार नाहीत."

मी जाणार आहे. पुढं बसणार आहे. त्यांचं बोलणं संपलं की उठणार आहे, आणि माझं नाव, माझ्या गावाचं नाव, माझ्या वस्तीचं नाव सांगून भर सभेत म्हणणार आहे: हे काम माझं आहे.

माईक देवोत, न देवोत. माझा आवाज मोठा हाय.