आधी कोण जेवणार?

रविवार, जानेवारीचा दुसरा आठवडा. आभाळ भरलेलं, वारा बोचरा. उमरग्यात अशी थंडी क्वचितच पडते.

आमच्या चर्चच्या भाकरीवाल्यांचे किस्से तुरीच्या शेंगांसारखे आहेत. एक तोडायला जावं, तर अख्खी फांदी हातात येते. आज घडलेलं कधी सांगतो असं झालंय, पण आधीचं ऐकल्याशिवाय त्यातली गंमत कळायची नाही.

दर रविवारी उपासना संपली की आम्ही घराघरातून भाकरी, भाजी, डाळ गोळा करतो आणि एसटी स्टँडच्या आसपास राहणाऱ्या बेघर, उपाशी माणसांना वाढतो. पहिल्याच रविवारी टोपली उघडली, तर निम्मी माणसं हात मागे घेऊन बसली.

"दादा, आज चतुर्थी हाय," एक म्हातारी म्हणाली. "चंद्र दिसल्याबिगर कसं खायचं?"

आम्ही उपाशी माणसं शोधायला गेलो होतो. ती सापडली, पण उपास धरलेली!

काही आठवड्यांनी उपासनेत पाळकांनी विचारलं, "कुणाला काही जाहीर करायचंय का?" आमचे पुढारी याकोबमामा उठले आणि गंभीरपणे म्हणाले, "येत्या रविवारी एकादशी आहे. सगळ्यांनी भगर आणावी."

सगळं चर्च वळून बघायला लागलं.

*

आमच्यातल्या मार्थाकाकूंच्या स्वयंपाकाला नाव ठेवायची हिंमत त्यांच्या घरात कुणी केलेली नाही. स्टँडवरच्या काशिनाथनं केली. पहिला घास घेतला आणि म्हणाला, "काकू, आज ध्यान कुठं होतं? फोडणी करपलीय."

काकू फणकारल्या, "फुकटचं खातोस आणि वर नावं ठेवतोस?"

"फुकटचं हाय म्हणून तर खरं सांगतोय. इकत घेतलं असतं तर गप खाल्लं असतं."

आता काकू डाळीचं पातेलं उघडलं की पहिली वाटी काशिनाथला देतात. तो मान हलवेपर्यंत पुढं वाढत नाहीत.

*

आमचा एक नियम आहे, याकोबमामांनीच केलेला. शेवटचा माणूस जेवल्याशिवाय वाढणाऱ्यांनी जेवायचं नाही. बोलायला सुंदर नियम. पण स्टँडमागच्या बंद गॅरेजच्या पत्र्याखाली बिरूआजोबा राहायला आले आणि आमचे हाल सुरू झाले. जन्मभर मेंढरं राखलेला माणूस. अंगावर घोंगडं, डोक्याला पटका, गालफडं बसलेली. "म्या कुणाचं फुकट खाल्लं न्हाय," एवढंच म्हणायचे आणि तोंड फिरवायचे.

मामा लाडीगोडी लावायचे, "आजोबा, उरलंय हो. फेकून द्यावं लागेल."

"फेकू नगा. तिकडं कुत्री बसल्यात, त्यांना घाला."

कुत्री धष्टपुष्ट झाली. आम्ही मात्र दर रविवारी संध्याकाळपर्यंत उपाशी.

मग मामांनी शक्कल लढवली. गॅरेजपुढचं अंगण झाडायचं काम आजोबांना द्यायचं आणि मजुरी म्हणून जेवण. आजोबांनी अंगण लख्ख झाडलं. मामांनी ताट पुढं केलं.

"आपण ऱ्हातो तिथलं झाडायची मजुरी घेत्यात व्हय?" आजोबा म्हणाले आणि खराटा भिंतीला टेकवला.

*

आज गेलो तर आजोबा उठूनही बसले नव्हते. शेजारचा चहावाला म्हणाला, "दोन दिस झालं, नुसत्या चहावर हाय. असं चाललं तर म्हातारं जगायचं न्हाय." काकूंनी हाका मारल्या. आजोबांनी डोळे उघडले, ताटाकडं पाहिलं आणि मान हलवली. नाही.

तेवढ्यात याकोबमामांनाच घेरी आली. ते भिंतीला धरून खाली बसले.

आजोबा कोपरावर उठले. "यांना काय झालं?"

काकूंचा संयम सुटला. "सकाळपासून पोटात काही नाही त्यांच्या. तुम्ही जेवल्याशिवाय आम्हाला जेवता येत नाही. तुम्ही जेवत नाही. मग आम्ही दर रविवारी काय खायचं, वारा?"

आजोबा उठून बसले. "ह्ये आधी न्हाय का सांगायचं?" म्हणाले. अंगावरचं घोंगडं काढून जमिनीवर अंथरलं. "बसा, पाव्हणं." आमच्याच टोपलीतली भाकरी घेतली, मोडली आणि मामांच्या पुढं ठेवली.

मामा म्हणाले, "आधी तुम्ही."

"पाव्हण्याआधी खाऊ व्हय म्या? आधी तुमी."

"आमचा नियम आहे, आजोबा."

"आमचाबी हाय."

दोघं भाकरीकडं बघत बसले. हात मात्र कुणाचाच पुढं येईना.

शेवटी काकू मध्ये उभ्या राहिल्या. "घास उचला. दोघांनीही. मी तीन म्हटलं की तोंडात. एक, दोन, तीन."

आजोबांनी दोन भाकरी खाल्ल्या. याकोबमामांनी चार.