मायच्या कपाळावरचं पाणी

चिंच लावून घासलेली तांब्याची एक वाटी... आमच्या घराच्या मागच्या भिंतीत, कंदिलाच्या काजळीनं काळवंडलेल्या कोनाड्यात ती बसलेली असायची, आणि सकाळचं ऊन दारातून सरकत सरकत तिच्यापर्यंत पोचलं की समोरच्या सारवलेल्या भुईवर एक तांबूस कवडसा थरथरू लागायचा. त्या वाटीनं पाणी प्यायचं नाही, तिच्यात मीठ ठेवायचं नाही, तिनं डाळ मोजायची नाही, ती पालथी घालायची नाही, असे घरातले कडक नियम. दर शनिवारी माझी थोरली बहीण मार्था, आमची अक्का, चिंचेचा कोळ आणि चुलीतली राख घेऊन ती घासायची. ओल्या शेणाचा, आंबट चिंचेचा आणि भिजलेल्या तांब्याचा मिळून एक वास घरभर दरवळत राहायचा. आजही शेजारी कुणी तांबं घासायला काढलं की माझा शनिवार होतो, मग वार कुठलाही असो.

गंगाखेडच्या खालच्या अंगाला, गोदावरीच्या काठावर आमचं गाव. नदीला आम्ही गंगाच म्हणायचो. निजामाचा अंमल होता, कचेरीतली भाषा उर्दू, बाजार गंगाखेडचा, आणि गावकुसाबाहेर आम्हा ख्रिस्ती लोकांची मूठभर घरं. आबा, म्हणजे माझे वडील, मिशनच्या शाळेत मास्तर. पाळकसाहेब महिन्यातून एकदा उगवायचे, म्हणून एरवी देवळातली, म्हणजे आमच्या चर्चमधली, रविवारची उपासनाही आबाच चालवायचे. नदीच्या पलीकडच्या काठावर दुसऱ्या मिशनची वस्ती होती. त्यांचा प्रभू तोच, शास्त्र तेच, गाणी तीच, ढोलकीचा ठेकाही तोच. फरक होता तो पाण्याचा. आमच्यात बाप्तिस्म्याला कपाळावर पाणी शिंपडत, त्यांच्यात माणसाला नदीच्या डोहात पुरतं बुडवून काढत. गावातले लोक आम्हाला ‘शिंतोडेवाले’ आणि त्यांना ‘बुडीवाले’ म्हणून खदाखदा हसायचे. हसण्यासारखंच होतं, दुसरं काय! पण आमच्यासाठी ती गंगेहून रुंद नदी होती. ते आमच्या प्रभुभोजनाला बसत नसत आणि आम्ही त्यांच्या.

मायची गोष्ट सांगितल्याशिवाय ती वाटी समजायची नाही. आबांनी बाप्तिस्मा घेतला, आम्हा दोघी बहिणींचा झाला, पण माय मागंच राहिली होती. तिच्या भावांनी बजावलं होतं, पाणी घेतलंस तर भाऊबिजेला आमची वाट बघू नको. भावांपायी तिनं उद्या-उद्या करत वर्षं काढली. मग एका श्रावणात गावात पटकीची साथ शिरली, एका दिवसात मायचे डोळे खोल गेले, आणि तिनं स्वतःच्या तोंडानं बाप्तिस्मा मागितला... गंगेला पूर आलेला, पाळकसाहेब चार कोस दूर अडकलेले. आबांनी रांजणातलं पाणी त्या वाटीत घेतलं, चौदा वर्षांच्या अक्कानं वाटी दोन्ही हातांनी धरली, आणि आबांनी मायच्या कपाळावर पाणी शिंपडलं. दिवेलागणीच्या आत माय गेली. मी तेव्हा चार वर्षांची. मला आठवतं ते फक्त तिच्या भुवईवर अडकलेलं एक थेंबभर पाणी — का तेही अक्कानंच सांगितलेलं, कोण जाणे.

पाच वर्षांनी शमुवेल आला. पलीकडच्या वस्तीतला गवंडी, विधवा आईचा एकुलता एक. शाळेची पडकी भिंत बांधायला आबांनी त्याला बोलावलं होतं, आणि आठवड्याची भिंत त्यानं महिनाभर पुरवली. अक्का त्याला ताक नेऊन द्यायची, तो ताक पिता पिता गाणं म्हणायचा, आणि मी मधेच बसून दोघांची तोंडं बघायची.

“तुला काय काम हाय गं हितं?” अक्का मला दटावायची.

“मी भिंत बघायलेय,” मी म्हणायची.

आबांनाही मुलगा आवडला. सोयरीक ठरली, अक्काला गंगाखेडच्या बाजारातून पांढरं लुगडं आलं, त्याच्या कोऱ्या खळीचा वास घरात भरून राहिला. आमच्यात लग्नाआधी सलग तीन रविवार उपासनेत पुकारा व्हायचा — अमक्याची मुलगी, तमक्याचा मुलगा, कोणाची हरकत असेल तर आत्ताच सांगा. तिसरा पुकारा निभावला की लग्न पक्कं. आणि पुकारा करणारे कोण, तर आबाच. पहिल्या रविवारी स्वतःच्या लेकीचं नाव वाचताना त्यांचा आवाज असा काही फुलला होता की बायकांच्या सतरंजीवर हशा पिकला.

दुसऱ्या रविवारनंतर पलीकडचे पाळक होडीतून आले. भले गृहस्थ, माझ्यासाठी गुळाचा खडा घेऊन आले होते. ओसरीवर बसून, टोपी गुडघ्यावर ठेवून ते हळूच म्हणाले, “मास्तर, पोरगी आमच्या देवळात यायची तर पाण्यात उतरावं लागंल. शिंतोड्याला आमच्यात बाप्तिस्मा म्हनत न्हाईत. मी तरी काय करू?”

 आबांची नजर कोनाड्याकडे गेली, आणि मला — नऊ वर्षांच्या मला — एकदम सगळा हिशेब उमगला: शिंतोडा बाप्तिस्मा नव्हे, तर मग मायचाही नव्हे. मी दाराआडून ओरडले, “मंग माझी माय कुठं हाय?”

पाळक चपापले. “देव लय दयाळू हाय, बाळा,” असं म्हणून ते चपला शोधू लागले. देव दयाळू आहे हे मला ठाऊकच होतं हो. मला पत्ता हवा होता! तो गुळाचा खडा मी कुत्र्याला टाकला, कुत्र्यानंही तो खाल्ला नाही.

आमचे पाळकसाहेबही काही मागं नव्हते. त्याच आठवड्यात ते आले आणि आबांना ऐकवून गेले की एकदा झालेला बाप्तिस्मा दुसऱ्यांदा घेणं म्हणजे पहिल्याचा अपमान. मुलगी डोहात उतरली तर तिचं नाव मंडळीतून कमी होईल. मुलानंच तिकडची मंडळी सोडल्याचं लिहून द्यावं, मग आमच्या देवळात खुशाल लग्न लावू. आणि शमुवेलनं असं लिहून दिलं असतं तर पलीकडं त्याच्या म्हाताऱ्या आईशी कुणी बोललं नसतं. दोन दारं आणि दोन्हीला आतून कड्या! घरात त्या दिवसांत चूलसुद्धा दबकून पेटायची. फाल्गुन लागला होता, शिवारात पळस पेटला होता, खळ्यांवरून ज्वारीचा धुरळा उडत होता, गावात कुणी रझाकारांच्या बातम्या आणायचं... आणि आमच्या घरात तीन माणसं एकमेकांच्या नजरा चुकवत भाकरी मोडत होती.

शेवटी शुक्रवारी आबा अक्काला म्हणाले, “मी रविवारी तिसरा पुकारा करतो. सोमवारी तू पाण्यात उतर. मी काठावर हुबा ऱ्हाईन.”

“आन् मायचं काय, आबा?”

“तुझा संसार मोठा हाय, पोरी. गेलेल्या माणसाला काय फरक पडतो?”

असं म्हणून ते उठले आणि कधी नव्हे ती ती वाटी स्वतःच घासायला बसले. घासता घासता त्यांचे खांदे हलत होते. त्यांना केवढा फरक पडत होता, ते मला तिथून दिसत होतं.

शनिवारी दुपारी मी कळशी घेतली. माझा विचार सरळ होता. माय कमी पाण्यात गेली होती ना? मग तिला पाणी घालायचं. बुडेपर्यंत घालायचं! नदीवरून कळशी भरायची, काखेत धरून चढण चढायची, दगडांनी घेरलेल्या मायच्या कबरीवर रिती करायची आणि पुन्हा खाली उतरायचं. तापलेली माती पाणी पीत होती, तिचा वाफाळता वास नाकात भरत होता, पायाला फोड आले, परकर चिंब झाला, पण पाणी काही वर राहीना... मी रडत होते आणि मायला सांगत होते, जरा थांब, आणखी आणते.

अक्का मला शोधत तिथं आली. चिखल झालेली कबर तिनं पाहिली, माझ्याकडे पाहिलं.

“काय करायलीस गं?”

“मायला बुडवायलेय.”

अक्का खाली बसली. तिनं मला मांडीवर ओढलं, माझे पाय पदरानं पुसले, आणि बराच वेळ मला नुसतं हलवत राहिली. मग उठून तिनं कळशी घेतली आणि आम्ही घरी आलो.

रविवारी देऊळ भरलं होतं. सारवलेल्या भिंतींचा ओलसर वास, बायकांच्या केसांतलं करडीचं तेल, उघड्या दारातून येणारा गरम वारा. आबांनी नावं वाचली. आवाज कोरडा होता. “हा तिसरा पुकारा. कोणाची हरकत असेल तर सांगावी.” वाट पाहायची ती रीत म्हणून, कुणी बोलत नसे. बाहेर एक होला घुमत होता. आबांनी पुढचं वाचायला तोंड उघडलं, तेवढ्यात बायकांच्या सतरंजीवरून आवाज आला.

“माझी हाय.”

अक्का उभी होती. अगं बाई! असं कधी झालं नव्हतं. नवरीनंच हरकत घ्यायची? एक म्हातारी तिचा पदर ओढून तिला खाली बसवू लागली, पण अक्का हलली नाही.

“वाटी मी धरली व्हती, आबा,” ती म्हणाली. “माझ्या मायला तेवढं पानी बास झालं. बास झालं न्हाई असं म्हनायला मी गंगंत उतरनार न्हाई.”

आबांच्या हातातला कागद खाली पडला. ते रडले, भर देवळात, लहान मुलासारखे.

शमुवेल संध्याकाळी आला. “मी लिहून देतो. मी तुमच्यात येतो,” तो म्हणाला. अक्कानं मान हलवली. “तुमच्या आईला एकटं पाडून मी नांदू व्हय?” तो होडीकडे गेला तेव्हा मी त्याच्या मागं मागं वाळूपर्यंत धावले, त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि वल्हं घेतलं. पांढरं लुगडं अक्कानं फाडून देवळातल्या मेजावर अंथरायला दिलं. मायच्या कबरीवर त्या उन्हाळ्यात मात्र हिरवंगार गवत उगवलं, आसपास सगळं करपलेलं असताना.

मग ते भादव्याचे दिवस आले. रझाकार येतायत म्हणून हूल उठली, फौजा येतायत म्हणून उठली, आणि दोन्ही काठांची आमची माणसं एकाच मळ्यात उभ्या ज्वारीत लपली. एका हंड्यातलं पाणी प्यालो, एका चादरीखाली मुलं निजवली, त्यांच्या पाळकांनी प्रार्थना सुरू केली आणि आबांनी ती पुरी केली. कुणी विचारलं नाही, तू बुडालेला की शिंपडलेला. शमुवेलही तिथं होता, आईला पाठुंगळीला घेऊन आलेला. मला वाटलं, झालं, आता मिटलं! पण निजाम शरण आला, रस्ते मोकळे झाले, आणि पुढच्याच रविवारी दोन काठांवर दोन घंटा वाजल्या. त्या घंटांचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

शमुवेलनं पुढं लग्न केलं, त्याला मुलं झाली. अक्कानं केलं नाही. आबांची शाळा ती चालवत राहिली.

कितीतरी वर्षांनी, आबाही गेल्यानंतर, मोठ्या शहरांतल्या मोठ्या माणसांनी एकी ठरवली. एका तरण्या पाळकानं दोन्ही मंडळ्यांना एकत्र बसवून वाचून दाखवलं — आजपासून आपण एक. शिंपडलेलं पाणी आणि डोहाचं पाणी, दोन्ही बाप्तिस्मे सारखेच खरे. सगळ्यांनी आमेन म्हटलं. अक्का उभी राहिली. तिचे केस पांढरे झाले होते. 

“मंग माझ्या मायचं?” तिनं विचारलं.

पोरगा गोंधळला. “तेही खरंच की, आजी.”

“मला ठावं व्हतं,” अक्का म्हणाली. “तुमाला कळायला लय वर्सं लागली.” आणि ती खाली बसली.

त्या दुपारी शमुवेल आमच्या ओसरीवर टेकला. बायको गेलेली, हातात काठी, ऊन लागलेलं. त्यानं पाणी मागितलं. अक्का आत गेली आणि कोनाड्यातली वाटी भरून घेऊन आली.

“अगं, त्या वाटीत?” मी म्हटलं.

“व्हय. त्याच्यातच.”

वाटी एवढीशी, तो एका घोटात प्याला. अक्कानं विचारलं, “आनखी आनू?”

त्यानं वाटी दोन्ही हातांनी तिला परत दिली. “नको, मार्थाबाई. तेवढं बास झालं.”

मी आत जाऊन ढसाढसा रडले. एवढंसं पाणी हो... आणि त्याच्यापायी दोघांचा जन्म!

आता दोघंही एकाच कबरस्तानात आहेत, मायपासून थोड्या अंतरावर. वाटी माझ्याकडे आहे. माझ्या घराला कोनाडा नाही, म्हणून ती खिडकीत ठेवते, आणि नातवंडांना सांगून ठेवलंय, तहान लागली की तिनंच पाणी प्यायचं.